एका म्यानात दोन तलवारी?

इंजिनीअरिंगच्या मुलाने औषधांवर लिहावं म्हणजे जरा आगाऊपणाच. शिवाय माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे मराठीत मध्येच इंग्रजी शब्द डोकावतील, तेवढं सांभाळून घ्या. पण होस्टेलच्या कुठल्याही खोलीतला ड्रॉवर उघडा, दोन-चार अर्धवट स्ट्रिप्स सापडणारच. आणि ‘एका गोळीने उतरत नाही ना, मग ही पण घे’ हा सल्ला तर फुकटच मिळतो! म्हणून दोन अँटिबायोटिक एकत्र पोटात गेल्या की नेमकं काय होतं, ते आपल्या भाषेत मांडतो आहे.

आपल्याला वाटतं, १ + १ = २. औषधांत मात्र उत्तर कधी ३ येतं, कधी अर्धा, तर कधी उत्तर बरोबर येऊनही पेशंटचं नुकसान होतं.

उत्तर ३ येतं तेव्हा

सेप्ट्रानच्या गोळीत दोन औषधं असतात, सल्फामेथोक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम. जंतूला वाढण्यासाठी फोलेट लागतं आणि ते तो स्वतः तयार करतो. एक औषध या असेंब्ली लाइनवरचं पहिलं मशीन बंद पाडतं, दुसरं पुढचं. एकच मशीन बंद असतं तर जंतूने थोडंफार काम रेटलं असतं, दोन बंद झाल्यावर लाइनच थांबते.

‘६२५’ नावाने सगळ्यांना माहीत असलेल्या गोळीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असतं. हे दुसरं स्वतः फारसे जंतू मारत नाही. जंतू अमॉक्सिसिलिन तोडायला जे एन्झाइम सोडतो, त्याला ते अडवून धरतं. थोडक्यात, बॉडीगार्ड!

उत्तर अर्धा येतं तेव्हा

पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही. पण जंतू वाढत असेल तरच भिंतीचं काम चालू असतं. टेट्रासायक्लिन जातीचं औषध जंतूची वाढच थांबवतं. मग पेनिसिलिनने मारायचं कुणाला? १९५१ साली अमेरिकेत लेपर आणि डाउलिंग या डॉक्टरांनी न्यूमोकोकस जंतूमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसच्या रुग्णांचे आकडे छापले. नुसतं पेनिसिलिन दिलेल्यांत २१ टक्के दगावले. त्याच्या जोडीला क्लोरटेट्रासायक्लिन दिलेल्यांत ७९ टक्के. औषध वाढवलं आणि माणसं जास्त गेली! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, ते असं.

साइड इफेक्टची बेरीज

अझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लोक्सॅसिन ही दोन्ही नावं आपल्या ओळखीची. दोन्ही औषधं हृदयाचा प्रत्येक ठोका झाल्यावर पुन्हा चार्ज होण्याचा वेळ लांबवू शकतात. ईसीजीवर याला क्यूटी इंटरव्हल म्हणतात. बहुतेकांना काही होत नाही, पण ज्याचा क्यूटी मुळातच लांब आहे किंवा उलट्या-जुलाबाने पोटॅशियम कमी झालं आहे, त्याच्या हृदयाची लय बिघडू शकते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या विंगमधल्या एकाला थंडी वाजून ताप आला. एक स्ट्रिप ड्रॉवरमधली, दुसरी एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, नेमकी हीच जोडी. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर मलेरिया! म्हणजे दोन्ही गोळ्या कामाच्या नव्हत्याच आणि तीन दिवस फुकट गेले. डॉक्टरांनी आधी स्ट्रिप्स बघायला मागितल्या आणि ईसीजी काढला. कारण मलेरियावरचं क्लोरोक्विनही क्यूटी लांबवतं. आम्ही स्ट्रिप्स सोबत नेल्या नसत्या तर त्यांना हे कळलं कसं असतं?

मग डॉक्टर स्वतः तीन-चार औषधं का देतात?

याचं उत्तर आपल्या पूर्व विदर्भालाच विचारावं. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्याने कुष्ठरोग फार जवळून पाहिला. बाबा आमट्यांचं आनंदवन इथलंच, वरोऱ्याचं. पूर्वी कुष्ठरोगावर एकटं डॅप्सोन वर्षानुवर्षं दिलं जायचं. हळूहळू जंतू त्याला दाद देईनासे झाले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन एकत्र द्यायची शिफारस केली. हीच एमडीटी. रिफॅम्पिसिन बहुतेक जंतू झटपट मारतं आणि त्यातून निसटलेल्यांना बाकीची दोन गाठतात. यातही एक इंटरॅक्शन आहेच. रिफॅम्पिसिन लिव्हरमधली एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे डॅप्सोन शरीरातून लवकर बाहेर जातं. पण इथे रिफॅम्पिसिन महिन्यातून एकदाच असल्याने उपचार बिघडत नाही. म्हणजे हिशोब आधीच करून ठेवलेला आहे.

टीबीचं गणित तर थेट आपल्या प्रोबॅबिलिटीच्या पेपरमधलं. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण १० लाखांत एक असतो, रिफॅम्पिसिनला न जुमानणारा साधारण १० कोटींत एक. दोन्हींना पुरून उरणारा शोधायचा तर गुणाकार करा, एकावर १४ शून्यं! फुप्फुसातल्या एका पोकळीत एवढे जंतू नसतातच. पण पेशंटने मधेच एखादी गोळी सोडली की हा गुणाकार मोडतो. म्हणून टीबीत पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन.

फरक एवढाच, की एमडीटी ही विचार करून लावलेली जोडी आहे आणि ड्रॉवरमधली जोडी म्हणजे लॉटरी. बाजारात तयार मिळणारी प्रत्येक जोडीही विचारपूर्वक केलेली असते असं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अँटिबायोटिकची मिश्रणंही होती.

एवढं लक्षात ठेवा

१. डॉक्टरकडे जाताना घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स सोबत न्या, ॲसिडिटीच्या गोळीचीसुद्धा. सिप्रोफ्लोक्सॅसिन तर अँटासिड किंवा दुधाबरोबर घेतलं तरी पोटात नीट शोषलं जात नाही.

२. पाठीवर लाल रेघ असलेली स्ट्रिप चिठ्ठीशिवाय घेऊ नका आणि रूममेटला वाटू नका.

३. डॉक्टरांनीच दोन अँटिबायोटिक दिल्या असतील, तर हा लेख वाचून त्यातली एक बंद करू नका! शंका असेल तर त्यांनाच विचारा.

४. गोळी घेतल्यावर छातीत धडधड, चक्कर, अंगावर पुरळ किंवा श्वासाला त्रास झाला तर सकाळची वाट बघू नका. रेक्टर सरांना उठवा. रागावले तरी गाडी तेच काढतील.