सुई-सिरिंजची अदलाबदल आणि शासनाची मान्यता

अंमली पदार्थ शिरेतून टोचून घेणाऱ्या व्यक्ती जेव्हा एकच सुई आळीपाळीने वापरतात, तेव्हा सुईत उरलेल्या रक्तावाटे एच. आय. व्ही. तसेच यकृतदाहाचे ‘ब’ व ‘क’ हे विषाणू एका देहातून दुसऱ्या देहात जातात. वापरलेली सुई परत घेऊन निर्जंतुक सुई विनामूल्य देणे हा यावरील अगदी साधा उपाय होय. अ‍ॅमस्टरडॅम येथे १९८४ मध्ये त्याचा अवलंब झाला व पुढे तो अनेक देशांत पसरला. व्यसन तत्काळ सोडविणे हा या उपायाचा हेतू नसून, व्यसनी मनुष्य उपचारास सिद्ध होईपर्यंत त्याला रोगमुक्त ठेवणे हा आहे.

भारतात या कार्यापुढे प्रथम उभी राहिली ती कायद्याची अडचण. १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या कलम २७ अन्वये अशा पदार्थांचे सेवन हाच अपराध ठरतो, आणि कलम २९ अन्वये अपराधास साहाय्य करणाराही दंडनीय ठरतो. सेवन होणार हे जाणून सिरिंज देणारा कार्यकर्ता साहाय्यकर्ता मानावयाचा की काय? आरोग्यखाते ज्यास प्रोत्साहन देते, त्याच कृत्याबद्दल पोलिसांनी अटक करावी, असा विरोध यातून संभवत होता.

एच. आय. व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला व त्याच्या कलम २२ ने हा विरोध बव्हंशी मिटविला. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी योजलेला कोणताही उपाय, अन्य कायद्यांत काहीही असले तरी, अपराध ठरणार नाही, असे हे कलम सांगते. त्याखालील एका उदाहरणात सुई देणारा आणि घेणारा अशा दोघांनाही संरक्षण दिले आहे. मात्र त्या उदाहरणातील कार्यक्रम ‘नोंदणीकृत’ आहे. शिवाय संरक्षण आहे ते सुईच्या देवघेवीस. जवळ बाळगलेल्या अंमली पदार्थास नव्हे.

ही मान्यता व्यवहारात कशी लाभते? राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना धोरण व निधी ठरविते. राज्याची एड्स नियंत्रण संस्था स्वयंसेवी संस्थांची निवड करून त्यांच्याशी ठरावीक क्षेत्र व ठरावीक लाभार्थी यांसाठी करार करते. मुंबईसाठी अशी स्वतंत्र संस्था असून उर्वरित महाराष्ट्राचे काम राज्यसंस्थेकडे आहे. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्थांनी रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनी लोकांत दीर्घकाळ कार्य केले आहे. परत आलेल्या सुयांना २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू होतात. त्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक व छेदरोधी पात्रात साठवाव्या लागतात.

मान्यतेचे दोन परस्परविरुद्ध परिणाम अमेरिकेत दिसून आले. इंडियाना राज्याच्या स्कॉट परगण्यात २०१५ मध्ये एच. आय. व्ही.ची साथ उद्भवून दोनशेहून अधिक लोक बाधित झाले. तोवर निषिद्ध असलेल्या अदलाबदलीस त्या राज्याने साथीनंतर सशर्त मुभा दिली. येथे मान्यतेने बंद दार उघडले. उलट वेस्ट व्हर्जिनियाने २०२१ मध्ये परवाना सक्तीचा केला, लाभार्थ्याकडून रहिवासाचा पुरावा मागितला आणि एका सुईस एकच सुई हे लक्ष्य घातले. ज्याच्याजवळ घर नाही व कागदपत्रेही नाहीत, तोच अशा अटीमुळे प्रथम वगळला जातो. येथे मान्यतेनेच दार अरुंद केले.

ठाणे जिल्ह्यातील वाशिंदसारख्या गावाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. कल्याण–कसारा लोहमार्गावरील या गावाचा महानगराशी नित्य संबंध आहे. लोहमार्गापासून दूर असलेल्या मुरबाड तालुक्याची स्थिती त्याहून वेगळी. क्षेत्रनिहाय करार साहजिकच तेथे होतात, जेथे लाभार्थी मोठ्या संख्येने एकत्र आढळतात. विरळ वस्तीत एखाद-दुसरी व्यक्ती सुई वापरत असेल, तर तिच्यासाठी स्वतंत्र प्रकल्प उभा राहणे कठीण. तिने वापरलेली सुई खिशात घालून लोकलने दूरच्या केंद्रावर जावे, ही अपेक्षा तिच्या व सहप्रवाशांच्या दृष्टीने धोक्याची आहे. आणि गावातील एखाद्या परिचारिकेने वा दुकानदाराने सद्भावनेने स्वच्छ सुई दिली, तर कायद्यातील उदाहरण त्यास निःसंशय लागू पडेल असे म्हणता येत नाही.

तात्पर्य, नोंदणी मुळातच अनिष्ट नव्हे. तिच्यामुळे कार्यकर्त्यास अभय मिळते, सुयांचा हिशेब राहतो आणि कचऱ्याची विल्हेवाट नीट लागते. परंतु नोंदणीचे क्षेत्र जेथे संपते, तेथे कायद्याचे निश्चित अभयही संपते. विषाणू मात्र ती सीमा जाणत नाही. यास्तव तालुक्याच्या रुग्णालयास अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रास नोंदणीकृत कार्यक्रमाची उपशाखा म्हणून मान्यता देता येईल काय, हा प्रश्न आरोग्यप्रशासनाच्या अभ्यासकांनी विचारात घ्यावयास हवा.