इमारतीवरचा खोलीचा भास

प्रोजेक्शन मॅपिंगमध्ये इमारतीची दर्शनी भिंत हाच पडदा असतो. आधी भिंतीची मापे घेऊन संगणकावर तिची त्रिमितीय प्रतिकृती करतात. मग खिडक्या, कमानी, कंगोरे यांवर चित्र तंतोतंत बसवतात. खरी करामत सावल्यांची. प्रोजेक्टर काळोख फेकू शकत नाही. प्रकाश न टाकलेली जागा हीच त्याची सावली. सपाट दगडावर अशी पट्टी योग्य कडेला सोडली, की तिथे कोनाडा दिसू लागतो. पट्टी सरकली, की दिवाच फिरला असे डोळा समजतो. २०१० मध्ये प्रागच्या खगोलीय घड्याळाला ६०० वर्षे झाली, तेव्हा त्याच्या मनोऱ्यावर असाच खेळ रंगला होता. मात्र यथादर्शन एकाच जागेवरून आखलेले असते. प्रेक्षक फार बाजूला गेला, की भास विस्कटतो. काचेच्या इमारतींवर तर चित्र धडपणे उमटतच नाही. फिकट रंगाचा, चकाकी नसलेला दगड यासाठी सर्वांत उत्तम.