सातारा-सांगलीची मंडळी : पगार, पंगत आणि जात

दलितांच्या धर्मांतराची चर्चा आपण १९५६ पासून सुरू करतो. ते स्वाभाविक आहे. पण त्यामुळे सातारा-सांगलीकडचे एक जुने धर्मांतर आपल्या नजरेआड राहते. चर्चमध्ये जमणाऱ्या समूहाला इकडे 'मंडळी' म्हणतात. या मंडळीत आलेले लोक बहुतांशी महारवाड्यातले, काही मांगवाड्यातले. म्हणजे हा आपल्याच घरातला इतिहास आहे.

१८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले आणि लगेच १८४९ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने तिथे ठाणे दिले. हे मिशन काँग्रिगेशनल पंथाचे. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ च्या अखेरीस आले. त्यांचे काम १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे गेले आणि त्यांनी १८८४ मध्ये पटवर्धनांच्या सांगलीत ठाणे उघडले. त्यामुळे साताऱ्याचा महार काँग्रिगेशनल झाला, सांगलीचा प्रेस्बिटेरियन. तिकडे छत्तीसगडात धमतरीला १८९९ साली मेनोनाइट मिशन आले. दुष्काळात पोरकी झालेली जी मुले त्यांच्या अनाथाश्रमात वाढली, ती मेनोनाइट झाली. या पंथांमधले युरोपातले शेकडो वर्षांचे वाद कुणी या माणसांना विचारून ठरवले नव्हते. मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. ज्याच्या वाट्याला गाव, त्याचा पंथ. गावकुसाबाहेर जन्म कुठे घ्यावा हे जसे आपल्या हाती नव्हते, तसेच हेही.

मग लोक गेले कशासाठी? मिशनवाल्यांनी आमिष दाखवले, हे सवर्णांचे ठरलेले उत्तर. त्या काळचा सातारा पाहावा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाले. सुभेदाराचा मुलगा, तरी बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि तहान लागली तर शिपायाने पाणी ओतल्याशिवाय घोट नाही. सरकारी शाळेत ही तऱ्हा असताना मिशनच्या बोर्डिंगात पोराला अक्षर मिळत होते, सांगलीत सुतारकामासारखे हुन्नर मिळत होते. डॉ. वॉन्लेस १८८९ मध्ये आले, त्यांनी प्रथम सांगलीत दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेचे हॉस्पिटल उभे राहिले. तिथे आपल्या लेकी नर्स झाल्या, मुलगे कंपाउंडर झाले. मेलेले ढोर ओढण्याचे ज्यांच्या नशिबी लिहून ठेवले होते, त्यांच्या हातात थर्मामीटर आला. याला आमिष म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे!

परंतु दुसरी बाजूही निखळ सांगितली पाहिजे. मास्तर मिशनचा, पाळक मिशनचा, बायबलबाई मिशनची. राहायचे मिशनच्या कंपाउंडात. गावगाड्याचे बलुते सुटले आणि साहेबाच्या बंगल्याचा पगार आला. ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे ओळखली ती नारायण वामन टिळकांनी. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताचे शिष्य देशी असावेत, कुणाचे मिंधे नसावेत, ही त्यांची तळमळ खरीच होती. तरीही एक फरक नोंदवावा लागतो. टिळकांनी पगार टाकला तरी त्यांच्या पाठीशी कवीची कीर्ती होती, पिढ्यांची विद्या होती. महारवाड्यातून आलेल्या मास्तराने पगार टाकला असता तर तो कुठे गेला असता? पुन्हा वेशीवर, जोहार घालायला.

आणि जात? प्रभुभोजनात एक भाकर मोडली जाते, ती सगळ्यांनी खायची असते. पंगतीचा हा विटाळ मोडणे ही लहान गोष्ट नव्हती. पण सोयरीक जुळवताना पूर्वीचा वाडा विचारला जाई, आणि गावचा पाणवठा तर बाप्तिस्म्याचे पाणी ओळखतच नव्हता. बाबासाहेबांचे या विषयावरचे लेखन १९८९ मध्ये त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात छापून आले. ख्रिस्ती झालेला अस्पृश्य सामाजिक अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, ही त्यांची तक्रार होती. कंपाउंडात माणसे एकेक करून, घरटी घरटी आली. १९५६ मध्ये अख्खे वाडे उठून आले. चळवळ कुठे उभी राहते आणि कुठे नाही, याचे बरेचसे उत्तर मला या फरकात दिसते.

पुढे पंथांच्या भिंती पडल्या. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन एका चर्चमध्ये आले; २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. (मेनोनाइट त्यात आले नाहीत.) जातीची भिंत मात्र कायद्यानेच पक्की केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सुसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुरावा मागितला, की धर्म बदलल्यावरही तीच दुःस्थिती तितक्याच तीव्रतेने टिकते हे दाखवा. ज्याला गाव आजही वाड्याच्या नावाने ओळखते, त्याने हा पुरावा कोणत्या कचेरीतून आणायचा? २०२२ साली केंद्राने न्या. बालकृष्णन आयोग याच प्रश्नावर नेमला.

दरम्यान एकाच घरात दोन नावे नांदतात : दाखल्यावर जुने, मंडळीच्या वहीत नवे. चुलतभाऊ बौद्ध, त्याला सवलत. हा ख्रिस्ती, याला नाही. आजा दोघांचा एकच, वतनही एकच होते.