खणातली हार्ड डिस्क पुन्हा बोलती करताना

जुना संगणक भंगारात देताना अनेक जण त्यातली हार्ड डिस्क तेवढी काढून ठेवतात. मुलांच्या लहानपणीचे फोटो, लग्नाची चित्रफीत, हिशेबाच्या फायली, सारे तिच्यातच असते. मग ती डिस्क वर्षानुवर्षे खणात पडून राहते, कारण नव्या लॅपटॉपला ती जोडायची कशी हे माहीत नसते. पण न वापरता ठेवलेली डिस्कही कायम टिकत नाही. त्यामुळे हे काम लांबणीवर टाकू नये.

अशा सुट्या डिस्कसाठी बाजारात डॉक किंवा एन्क्लोजर मिळते. डिस्क त्याच्या खाचेत बसवायची, यूएसबी केबल लॅपटॉपला जोडायची, की झाले. संगणक बंद न करता डिस्क घालता-काढता येण्याच्या सोयीला ‘हॉट-स्वॅप’ म्हणतात. साटा पद्धतीच्या जोडणीत ही सोय मुळातच विचारात घेतलेली आहे. तिच्यातल्या काही पट्ट्या इतरांपेक्षा किंचित लांब असतात. त्यामुळे आधी अर्थिंग जुळते आणि मग बाकीचे संपर्क होतात. डिस्क बसवताना विजेचा झटका टळतो तो यामुळे.

खरेदीपूर्वी डिस्क नीट पाहावी. इंग्रजी ‘एल’ आकाराच्या दोन चपट्या खाचा असतील तर ती साटा. दोन ओळींत बारीक टाचण्यांसारख्या पिना असतील तर ती जुनी आयडीई. तिला वेगळा अडॅप्टर लागतो. दुसरी गोष्ट आकाराची. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे बहुधा यूएसबीची वीज तिला पुरते. डेस्कटॉपमधल्या साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टही लागतात. म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र अडॅप्टर असलेले डॉकच घ्यावे. तिसरी गोष्ट क्षमतेची. काही जुन्या एन्क्लोजरना २ टेराबाइटपुढची डिस्क पूर्ण ओळखता येत नाही.

डिस्क सुरू झाली की तिच्यातल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. माहिती वाचणारे टोक चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. केसाची जाडी याच्या हजारो पट असते! चालू डिस्क हलवली किंवा आपटली तर हे टोक चकतीला घासून माहिती कायमची जाऊ शकते. म्हणून काढताना आधी संगणकावर ‘इजेक्ट’ करावे, डॉक बंद करावे आणि चकत्या थांबेपर्यंत अर्धा मिनिट वाट पाहावी. ‘हॉट-स्वॅप’ म्हणजे वाटेल तेव्हा ओढून काढण्याची मुभा नव्हे. संगणकाने लिहायला घेतलेली माहिती अर्धवट राहू शकते.

दोन चुका विशेष महागात पडतात. डिस्क जोडताच ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न पडद्यावर आला तर उत्तर ‘नाही’ असेच द्यावे. डिस्क दुसऱ्या पद्धतीच्या संगणकाची असेल किंवा बिघडली असेल, तरी हाच प्रश्न येतो. दुसरी चूक दोन खाचांच्या डॉकमधल्या ‘क्लोन’ बटणाची. एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर उतरवणे हे त्याचे काम. जुनी आणि कोरी डिस्क चुकून उलट खाचांत बसल्या, तर कोऱ्या डिस्कचे कोरेपणच जुनीवर उतरते.

डिस्कमधून टकटक असा आवाज आला तर लगेच वीज बंद करून ती माहिती परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. आवाज नसेल तर फोटो पाहत बसण्याआधी सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, शक्य तर दोन ठिकाणी. जुन्या डिस्कवर आठवणी चाळण्याचा मोह तोवर आवरलेला बरा.