हरवलेल्या वस्तूचे गणित

समजा, दिल्लीतील मुनिरका येथील एखाद्या वाचनालयात एक ग्रंथ भलत्याच जागी ठेवला गेला. तो पहिल्या कपाटात असण्याची संभाव्यता ८० टक्के मानू. नीट शोधूनही चारांत एकदा तो नजरेतून निसटतो. तेथे शोध निष्फळ ठरला, तर त्या कपाटाच्या वाट्यास ८० चा चौथा भाग, म्हणजे २० उरतात. इतरत्रही २० च. म्हणजेच संभाव्यता शून्यावर न येता ५० टक्क्यांवर येते. हाच बेझचा नियम होय.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान २२८ जणांसह अटलांटिक महासागरात कोसळले. ध्वनिसंकेत ऐकू न आल्याने तेथील काही भाग शोधून झाला, असे मानले गेले. संकेतयंत्रेच बंद पडली असावीत, ही शक्यता गणितज्ञांनी हिशेबात घेतली. २०११ च्या नव्या शोधात आठवड्याभरातच अवशेष सापडले.