पित्ताचा खडा आणि यकृताचे दुखणे



बकरा कापताना कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी आपण किती जपून काढतो! ती फुटली तर सारी कलेजी कडू होते. गोरोचन म्हणतात, ते तरी काय? गाईबैलांच्या त्याच पिशवीत धरलेला खडा. असा खडा माणसालाही होतो.

खालापूर तालुक्यात शिवारफेरीत एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, "भाऊसाहेब, खडा काढला की लिव्हरचं दुखणं जाईल ना?" त्यांच्या सोनोग्राफीत दोन्ही दिसले होते. हा प्रश्न पुष्कळांना पडतो.

पित्त तयार होते यकृतात. पित्ताशय ही फक्त साठवण. तेथून ते नळीवाटे आतड्यात उतरते. खडा पित्ताशयात स्वस्थ पडून असेल, तर त्याने यकृत बिघडत नाही. पण तो नळीत उतरून अडकला, की राजनाल्याच्या पाटात दगड अडकून पाणी मागे तुंबावे, तसे पित्त यकृतात तुंबते. डोळे पिवळे, लघवी गडद, मळ पांढुरका, अंगाला खाज ही त्याची चिन्हे. असे तुंबणे महिनोन्महिने राहिले तर यकृत कायमचे निबर होऊ शकते.

उलटही घडते. दारूने किंवा 'ब' व 'क' काविळीच्या विषाणूंनी यकृत निबर झाले, म्हणजेच सिरॉसिस झाला, की पाणथरी वाढते. तिच्यात रक्तातील तांबड्या पेशी जास्त मोडतात व त्यांचा रंग पित्तात उतरतो. पित्तातील क्षार कमी पडतात, पिशवीही नीट रिकामी होत नाही. मग काळे खडे धरतात. सिरॉसिसच्या दर चार रोग्यांत सुमारे एकाला खडे आढळतात. येथे खडा हे मूळ नव्हे, फळ आहे. फळ तोडून झाडाचा रोग जात नाही. शिवाय अशा रोग्याला शस्त्रक्रियेचा धोका अधिक. म्हणून त्रास न देणाऱ्या खड्यासाठी घाई करू नये. त्या काकांना मी हेच सांगितले आणि यकृताच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लावला.

आता आपण काय करावे?

खडा निघाला तर यकृताचीही तपासणी करून घ्या. दारू पूर्ण बंद करा. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत 'ब' काविळीची लस टोचून घ्या. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'ब' व 'क' काविळीची तपासणी व औषधे मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

कावीळ दिसली की ती उतरवून घेण्यात किंवा झाडपाल्यात दिवस घालवू नका. सोबत थंडीताप आणि उजव्या बरगडीखाली कळ असेल, तर त्याच दिवशी कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. "लावणी उरकली की जाऊ" म्हणू नका. लावणी शेजारीपाजारी मिळून उरकतील; तुंबलेले पित्त तोवर थांबणार नाही.