आपल्या नदीचे मासे, आपल्या घरच्या टाकीत

अकोला-अमरावतीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि गोल्डफिश बिचारा धापा टाकतो. त्यापेक्षा आपल्याकडचे छोटे देशी मासे पाळा.

तीन फुटी टाकीसाठी माझी पहिली पसंती टिक्टो बार्ब. चंदेरी अंगावर दोन काळे ठिपके, एक कल्ल्यामागे, दुसरा शेपटीजवळ. सहा-आठांचा थवाच ठेवा. एकटा-दुकटा राहिला तर इतरांचे पर कुरतडतो. जोडीला काळ्या पट्ट्याची दांडवण, म्हणजे रासबोरा. तळाला बारीक वाळू असेल तर लोच मजेत राहतो.

काचमासा घेताना मात्र नीट बघा. रुंद, गोलसर अंगाचा चालेल. लांबट अंगाचा, खालचा जबडा पुढे आलेला चंदा दुसऱ्यांचे खवले ओरबाडून खातो! शिंगटा, मरळ तर नकोच; तोंडात मावेल तो मासा ते गिळतात.

खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी टाळा. काटेपूर्णा किंवा अप्पर वर्धा धरणाचं नळाचं पाणी क्लोरीन काढूनच भरा.

आणि एक कळकळीची विनंती: मेळघाटच्या संरक्षित जंगलातून मासे आणू नका, टाकीतले गप्पी नदीत सोडू नका.